झोपेतली राखण

लांब पल्ल्याच्या मालट्रकचा ड्रायव्हर रात्री ट्रकपाशीच झोपतो. सीटमागच्या फळीवर, उन्हाळ्यात टपावर, कधी चाकांच्या मध्ये सतरंजी टाकून. लॉजचे भाडे परवडत नाही हे त्याचे एक कारण. पण खोली कुणी फुकट दिली तरी बहुतेक ड्रायव्हर ट्रक सोडून जाणार नाहीत, कारण वर माल आहे आणि मालात तूट आली तर ती आपल्या पगारातून कापली जाईल ही भीती त्यांना असते. दिवसभर गाडी हाकणारा माणूस रात्री तिचा राखणदार होतो. या राखणीचा पगार मिळत नाही, तिचे तास कुठल्या कागदावर लिहिले जात नाहीत आणि ती करायची आहे असे त्याला लेखी कळवलेलेही नसते. चोरी झाली की मात्र पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो: तू तेव्हा काय करत होतास? ‘झोपलो होतो’ हे त्याचे खरे उत्तरच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरते. विश्रांतीच्या वेळात झालेल्या चोरीची भरपाई ड्रायव्हरकडून वसूल करणे कायद्याला धरून नाही, न्यायाला धरून नाही, आणि ज्या धंद्याच्या रक्षणासाठी ती केली जाते त्या धंद्यालाही ती फायद्याची नाही, असे माझे मत आहे. हे मत भावनेवर उभे नाही. वाहतुकीच्या कायद्याचा तीनशे वर्षांचा इतिहास आणि अलीकडचे काही निकाल त्याच्या बाजूने आहेत.

आधी चोरी कशी होते ते पाहू. हमरस्त्यावरची बरीचशी मालचोरी सिनेमातल्या दरोड्यासारखी नसते. थांबलेल्या ट्रकची ताडपत्री मागच्या कोपऱ्यात चिरली जाते, आतली पाच-दहा खोकी किंवा पोती उतरवली जातात, रस्सा पुन्हा ओढून ठेवला जातो. घाटात ट्रक माणसाच्या चालीने चढत असतो तिथे तर मागे चढून माल खाली टाकला जातो आणि पुढे बसलेल्याला पत्ताही लागत नाही. डिझेलच्या टाकीत नळी घालून डिझेल काढले जाते. कधी ढाब्यावर ओळख वाढवून चहात गुंगीचे औषध दिले जाते. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. तूट उघड होते ती माल उतरवताना, पोहोच पावतीवर सही घेण्याच्या वेळी, म्हणजे पाचशे-हजार किलोमीटर पुढे. ती कुठे झाली, किती वाजता झाली, मुळात माल पूर्ण भरला होता का, भरताना मोजणी कुणी केली, या प्रश्नांची उत्तरे तेव्हा कुणापाशीच नसतात. उत्तर नसले की संशय त्या माणसावर जातो जो सगळ्या प्रवासात मालाबरोबर होता. मालाबरोबर असणे आणि मालाला जबाबदार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण हिशेबाच्या टेबलावर त्या एक होऊन जातात. सीलबंद कंटेनरच्या बाबतीत तर ड्रायव्हरने आतला माल डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो.

चोरी झाली तर कुणीतरी जबाबदार असलेच पाहिजे, ही मागणी मात्र रास्त आहे आणि कायद्याने ती फार पूर्वी मान्य केली. १७०३ साली इंग्लंडमध्ये ब्रँडीच्या पिंपांवरून झालेल्या एका खटल्यात सरन्यायाधीश होल्ट यांनी सार्वजनिक मालवाहकाची जबाबदारी जवळजवळ विमा देणाऱ्याइतकी कडक का असावी, याचे कारण सांगितले. व्यापारी आपला माल मालवाहकाच्या स्वाधीन करतो आणि नंतर रस्त्यात काय घडले हे त्याला कधीच कळणार नसते. वाहकाला ‘मी काळजी घेतली होती’ एवढे सांगून सुटता आले, तर तो चोरांशी संगनमत करू शकेल आणि ते सिद्ध करणे कुणालाच शक्य होणार नाही. म्हणून दैवी आपत्ती आणि शत्रूचे आक्रमण हे अपवाद सोडून नुकसान त्याने भरायचे. हाच विचार १८६५ च्या कॅरिअर्स ॲक्टमधून भारतात आला. या कायद्याने दावा करणाऱ्याला वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याच्या ओझ्यातून मोकळे केले. १८९१ मध्ये इरावती नदीवरच्या बोटवाहतूक कंपनीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हीच कडक कसोटी भारतातल्या सार्वजनिक वाहकांना लागू असल्याचे सांगितले. २००७ चा रस्ते मालवाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून अमलात आला आणि जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. त्यातही वाहकाला सुटका देणारे अपवाद मोजके आहेत: दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, कायदेशीर जप्ती, सरकारी मनाई. चोरी त्यात नाही. रस्त्यात माल चोरीला गेला तर मालवाहक व्यापाऱ्याला उत्तरदायी आहे, त्याचा दोष असो वा नसो.

या साऱ्या इतिहासात ‘वाहक’ हा शब्द कुणासाठी आहे ते बघणे महत्त्वाचे आहे. वाहक म्हणजे भाडे घेऊन लोकांचा माल नेण्याचा धंदा करणारा. बिल्टी त्याच्या नावाची, नोंदणी त्याची, भाडे त्याच्या खात्यात. कडक जबाबदारीच्या मोबदल्यात कायद्याने त्याला दोन सोयीही दिल्या. व्यापाऱ्याने जादा जोखमीचा दर भरला नसेल तर २०११ च्या नियमांनुसार वाहकाची भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते आणि मालाच्या जाहीर किमतीहून ती जास्त होत नाही. शिवाय जोखीम शेकडो फेऱ्यांवर पसरवणे, विमा घेणे, दरात थोडी वाढ करणे हे सगळे त्याच्या हातात असते. ज्याला जोखीम ओळखता येते, तिची किंमत भाड्यात लावता येते आणि ती वाटून घेता येते, त्याच्यावर ती टाकावी, असे हे तत्त्व आहे. ड्रायव्हरपाशी यातले काहीच नाही. कोणता माल न्यायचा, कुठल्या वाटेने, किती वाजता पोहोचायचे, कुठे थांबायचे, हे बहुतेक वेळा त्याच्या मर्जीवर नसते. ई-वे बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, मोठ्या शहरांत अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी प्रवेश मिळत नाही, गोदामाचे दार ठरल्या वेळीच उघडते. शहराच्या वेशीवर अंधारात सहा तास थांबण्याचा निर्णय या सगळ्यांनी मिळून घेतलेला असतो.

तरीही पैसे शेवटी ड्रायव्हरच्या खिशातून जातात. ते कसे, हे समजले म्हणजे अन्यायाची रचना दिसते. व्यापाऱ्याचा विमा असेल तर विमा कंपनी त्याची भरपाई करते आणि त्याच्या जागी उभी राहून वाहतूक कंपनीकडून वसुली करते. व्यापाऱ्याच्या हक्कात शिरण्याच्या या प्रकाराला सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये चरण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात सविस्तर मान्यता दिली आहे. वाहतूक कंपनीने ट्रक बहुधा बाहेरून भाड्याने घेतलेला असतो. ती ट्रकमालकाचे उरलेले भाडे अडकवून ठेवते. ट्रकमालक शेवटी ड्रायव्हरच्या पगाराला किंवा फेरीच्या भत्त्याला हात घालतो. वरच्या प्रत्येक पायरीवर कागद आहे, करार आहे, वकील आहे. शेवटच्या पायरीवर वहीतली एक नोंद असते, कधी तीही नसते. व्यापारी आणि वाहक यांच्यासाठी तयार झालेली विनादोष जबाबदारी अशी खाली घसरत येते आणि जिथे तिचे कारणच उरत नाही तिथे येऊन थांबते.

ड्रायव्हर आणि त्याचा मालक यांच्यातले नाते वेगळ्या कायद्याने चालते, आणि तो कायदा अगदी स्पष्ट आहे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने ठरवल्यानुसार, कामगाराकडे राखणीसाठी खास सोपवलेल्या मालाचे नुकसान झाले तर पगारातून कपात करता येते, पण ते नुकसान त्याच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे थेट झालेले असले पाहिजे. कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त नको. कपातीआधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. एकूण कपात साधारणपणे पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. हीच तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आली आहे आणि तिला आता पगाराच्या रकमेची मर्यादाही नाही. ‘खास सोपवलेला’ आणि ‘थेट’ या दोन शब्दांवर सगळे अवलंबून आहे. ड्रायव्हरला चालवण्यासाठी गाडी दिली म्हणजे रात्रीच्या राखणीसाठी माल खास सोपवला, असा अर्थ आपोआप निघत नाही. तो निघतो असे मानले तरी, नऊ तास गाडी हाकल्यावर झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत नव्हे तर पाठीमागे झालेली चोरी त्याच्या हयगयीमुळे थेट झाली, हे कसे ठरवणार? १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्यासाठी एक साधी कसोटी आहे: सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल, तेवढी. शहाणा माणूसही रात्री झोपतो. आपल्या घरात आपला सगळा संसार असतो, तरी दाराला कडी लावून आपण झोपतोच, आणि चोरी झाली तर आपल्याला निष्काळजी म्हणत नाही कुणी.

यावर असे म्हटले जाईल की ड्रायव्हरचे काम इतर कामांसारखे नाही. गाडीपाशी असेपर्यंत तो कामावरच आहे. हे खरे मानायला माझी हरकत नाही. पण मग ते सगळ्या बाजूंनी खरे मानले पाहिजे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने कामाचे तास दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस असे ठरवले, लांब पल्ल्यासाठी थोडी सवलत ठेवली, पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची सुट्टी सांगितली आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची विश्रांती बंधनकारक केली. ही विश्रांती ज्याला मिळायची त्यानेच त्या नऊ तासांत मालाची राखण करायची असेल, तर ते नऊ तास कामाचे झाले आणि विश्रांती मिळालीच नाही. मग त्या तासांचा पगार द्या आणि झोपेसाठी वेगळे नऊ तास द्या. तसे कुणी देत नाही. या कायद्यातली आणखी एक तरतूद फारशी कुणाला आठवत नाही: जिथे कामगारांना रात्रीचा मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली किंवा तशीच योग्य सोय करण्याची जबाबदारी त्यात मालकावर टाकली होती. साठ वर्षांपूर्वीच्या कायदा करणाऱ्यांना ड्रायव्हरने ट्रकमध्ये झोपणे योग्य वाटत नव्हते, हे त्यावरून दिसते. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला आहे. पण तो लागू होता तेव्हाही पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांपुरताच होता, आणि आपल्याकडचे कितीतरी ट्रकमालक एक-दोन गाड्यांचे धनी. त्यामुळे रस्त्यावरच्या बहुतेक ड्रायव्हरांपर्यंत तो पोहोचलाच नाही.

ड्रायव्हर थांब्यावर असताना कामावर असतो की नसतो, या प्रश्नाला एकच माणूस दोन उत्तरे देताना दिसतो, आणि मला सर्वांत जास्त खटकते ते हे. ड्रायव्हर थांब्यावर मेला किंवा जखमी झाला तर नुकसानभरपाईच्या दाव्यात समोरची बाजू सांगते की तो तेव्हा कामावर नव्हता, जेवत होता, आराम करत होता. माल गेला तर त्याच वेळेबद्दल सांगितले जाते की तो कामावर होता आणि जबाबदार होता. सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या युक्तिवादाचा समाचार एकापेक्षा अधिक वेळा घेतला आहे. २०१९ मध्ये निकाल लागलेल्या लीलाबाई प्रकरणात इंदूर-बऱ्हाणपूर मार्गावरच्या बसचा ड्रायव्हर बसच्या टपावर जेवून उतरताना घसरून पडला आणि मरण पावला. तो तेव्हा कामावर नव्हता, असे खालच्या पातळीवर मानले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो बसपाशी स्वतःच्या हौसेने राहिला नव्हता. कामाचे स्वरूपच त्याला तिथे राहायला भाग पाडत होते. त्याआधी २०१२ मध्ये, दिल्लीहून अकराशेहून अधिक किलोमीटर ट्रक हाकत झारखंडातल्या निमियाघाटपर्यंत आलेल्या, तिथे बरे वाटेनासे झाल्यावर गाडी कडेला लावून कोसळलेल्या ड्रायव्हरचा मृत्यूही कामातून उद्भवलेला मानला गेला. या निकालांचा अर्थ असा की थांब्यावरचा वेळ मालकाच्या कामासाठी खर्च होतो. तो मालकाच्या कामाचा आहे, तर त्या वेळातली जोखीमही मालकाची. मृत्यूच्या वेळी आराम आणि चोरीच्या वेळी ड्युटी, असे दोन्हीकडून चालणार नाही.

अमेरिकेत हा वाद जास्त उघडपणे लढला गेला, कारण तिथे ड्रायव्हरची प्रत्येक घटका इलेक्ट्रॉनिक यंत्रावर नोंदली जाते: चालवणे, ड्युटीवर, झोपण्याच्या बर्थमध्ये, ड्युटीबाहेर. तिथल्या संघराज्य नियमांनुसार चौदा तासांच्या कक्षेत अकरा तासच गाडी चालवता येते आणि मग सलग दहा तास ड्युटीबाहेर राहावे लागते. जेवणखाणाच्या थांब्याला ड्युटीबाहेर कधी म्हणायचे, यासाठी १९९७ मधल्या मार्गदर्शनात एक अट होती, ती आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याला भिडते: ड्रायव्हरला वाहनाच्या आणि मालाच्या देखभालीच्या जबाबदारीतून मोकळे केलेले असले पाहिजे. मालाची जबाबदारी आहे तोवर ड्युटी आहे, हे त्या अटीचे सरळ तर्कशास्त्र. २०१३ मध्ये ही शब्दरचना सैल करण्यात आली. तरीही न्यायालयांपुढे प्रश्न आलाच. कॅलिफोर्नियातल्या वॉलमार्टच्या ट्रकड्रायव्हरांनी लढवलेल्या दाव्यात ज्युरीने त्यांना पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली आणि २०२० मध्ये अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. त्यातला मोठा भाग दहा तासांच्या मुक्कामांचा होता. या मुक्कामांसाठी कंपनी प्रत्येकी बेचाळीस डॉलर देत असे, पण ड्रायव्हरने मुक्काम कुठे करावा यावर तिचे नियंत्रण होते. घरी झोपायचे तर आधी परवानगी लागे. नियंत्रण ज्याचे, तास त्याचे, आणि त्या तासांचे किमान वेतनही त्यानेच द्यायचे, असा तो निकाल. डिसेंबर २०२३ मध्ये बोस्टनच्या अपील न्यायालयाने दोन ड्रायव्हरांच्या जोडीने चालणाऱ्या ट्रकांबाबत आठ तासांपुढचा बर्थमधला वेळही पगारी ठरवला. झोपेचा वेळ कुणाच्या उपयोगाचा आहे, हे विचारले की उत्तर आपोआप समोर येते.

अमेरिकेतले आकडे आणखी एक गोष्ट शिकवतात. मालचोरीची नोंद ठेवणाऱ्या कार्गोनेटने २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा मिळून ३,६२५ घटना नोंदवल्या. आदल्या वर्षीपेक्षा त्या २७ टक्क्यांनी जास्त होत्या. अलीकडच्या वाढीत मोठा वाटा आहे खोटी कागदपत्रे दाखवून, दुसऱ्याच कंपनीचे नाव सांगून माल उचलून नेण्याच्या प्रकाराचा. अशा चोरीत खरा ड्रायव्हर कुठे नसतोच. आणि जिथे ड्रायव्हर असतो तिथे तो किती उघड्यावर असतो ते मार्च २००९ मधल्या एका खुनाने दाखवले. जेसन रिव्हनबर्ग नावाचा ड्रायव्हर दूध घेऊन ठरल्या वेळेच्या बराच आधी पोहोचला होता. गोदामाने आत घेतले नाही म्हणून साउथ कॅरोलायनात एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर त्याने ट्रक लावला आणि तिथे त्याला गोळी घालून मारण्यात आले. लुटारूच्या हाती सात डॉलर लागले. त्याच्या पत्नीने लढा उभा केला, २०१२ च्या महामार्ग कायद्यात ट्रकतळांच्या पाहणीची तरतूद ‘जेसन्स लॉ’ या नावाने आली, आणि पुढच्या पाहणीत संबंध देशात ट्रक लावण्याच्या सुमारे ३ लाख १३ हजार जागा आणि सुरक्षित जागा मिळण्यात अडचण येते असे सांगणारे ९८ टक्के ड्रायव्हर आढळले. झोपलेल्या माणसाला रखवालदार समजण्याची किंमत कधी जीवानेही मोजावी लागते.

आता आक्षेपांकडे येतो. सगळ्यांत मोठा आक्षेप संगनमताचा, म्हणजे होल्ट यांनी १७०३ मध्ये उचललेला. ड्रायव्हर स्वतःच चोरांना सामील असेल तर? असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यासाठी फौजदारी कायदा आहे. वाहकाने केलेल्या विश्वासघाताला पूर्वीच्या दंडविधानाच्या कलम ४०७ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आरोप असेल तर गुन्हा नोंदवा, पुरावा द्या. पगारकपात या रोगावरचे औषध नाही, कारण ट्रकभर माल विकणाऱ्या चोराला महिन्याचा पगार बुडाल्याने काही फरक पडत नाही. त्या कपातीने मोडतो तो प्रामाणिक ड्रायव्हर. सामील असलेला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ट्रान्सपोर्टकडे निघून जातो. आणि तपास न होता पैसे वसूल झाले की खरा चोर शोधण्याची निकड कुणालाच उरत नाही, हे वेगळेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जबाबदारी काढून घेतली तर ड्रायव्हर बेफिकीर होईल, चावी तशीच लावून चहाला जाईल, कुठेही गाडी लावेल. या आक्षेपात सत्य आहे, आणि म्हणूनच मी ड्रायव्हरची जबाबदारी शून्य करा असे म्हणत नाही. जागेपणी त्याच्या हातात जे आहे त्याला तो नक्कीच बांधील आहे: चावी काढणे, दारे लावणे, निघताना आणि थांब्यावर सील व रस्से तपासणे, नेमून दिलेल्या जागी थांबणे, काही बिघडलेले दिसताच मालकाला आणि पोलिसांना कळवणे. यात हयगय झाली तर ती सिद्ध करून कायद्याच्या मर्यादेत कपात करावी. निष्काळजीपणाचेही प्रमाण असते, हे न्यायालयांनी विम्याच्या बाबतीत मान्य केले आहे. ड्रायव्हरने चावी गाडीतच ठेवली आणि ट्रक चोरीला गेला, अशा प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीला दावा पूर्ण फेटाळू दिला नाही. ७५ टक्के रक्कम द्यायला लावली. चावी विसरलेल्या ड्रायव्हरच्या बाबतीतही तोल सांभाळला जातो, मग सगळी कुलपे लावून झोपलेल्याला पूर्ण दोषी कसे धरता येईल? जागेपणाची कर्तव्ये आणि झोपेची वेळ यांच्यातली रेघ पुसली की ड्रायव्हर सावध होत नाही. तो फक्त थकतो, कारण दर तासाला उठून ताडपत्री चाचपतो आणि पहाटे त्याच तांबारलेल्या डोळ्यांनी स्टिअरिंग धरतो. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जवळजवळ निम्म्या ट्रकड्रायव्हरांनी थकवा किंवा झोप असतानाही गाडी चालवत असल्याचे कबूल केले होते. रात्रीच्या राखणीचा हिशेब या थकव्यातही धरला पाहिजे, आणि त्याचे परिणाम समोरून येणाऱ्या दुचाकीवरच्या कुटुंबालाही भोगावे लागतात.

तिसरा आक्षेप छोट्या ट्रकमालकाचा. त्याच्या डोक्यावर गाडीचे हप्ते आहेत, टायर आहेत, टोल आहे. एका मोठ्या चोरीत तो बुडेल. हे खरे आहे, आणि त्याच्याविषयी मला सहानुभूती आहे, कारण तोही वरच्यांनी ढकललेली जबाबदारी झेलत असतो. पण त्याच्या ओझ्यावर उपाय ड्रायव्हरच्या पगारात सापडणार नाही. कापडाच्या किंवा औषधांच्या एका ट्रकभर मालाची किंमत कोणत्याही ड्रायव्हरच्या कित्येक वर्षांच्या कमाईएवढी असते. कपातीने ती कधीच भरून निघत नाही. निघतो तो राग. मालकाची खरी लढाई बिल्टीवरच्या अटींची आहे. भाड्याच्या दहापटीची कायदेशीर मर्यादा त्याला मिळते की तीही करारात सोडून द्यायला लावली जाते? वाहकाच्या जबाबदारीचा विमा कुणी काढायचा? पहारा असलेल्या तळाचे पैसे भाड्यात धरले आहेत का? ट्रान्सपोर्ट संघटनांनी हे प्रश्न मोठ्या माल पाठवणाऱ्यांपुढे मांडले तर छोटा मालकही वाचेल आणि ड्रायव्हरही.

सोयीसुविधांच्या बाजूने काही हालचाल झाली आहे. २०२५ मध्ये लागू झालेल्या नियमानुसार नव्या मध्यम आणि अवजड मालट्रकच्या केबिनला वातानुकूलन बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी राष्ट्रीय महामार्गांलगत पहिल्या टप्प्यात ड्रायव्हरांसाठी एक हजार विश्रांतीगृहे उभारण्याची घोषणा केली. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. तरी थंड केबिनमध्येही माणूस राखणच करत झोपला तर झोप तीच राहते, आणि गादी असलेल्या खोलीत त्याचे मन बाहेरच्या ट्रकपाशी असेल तर खोली रिकामीच पडेल. विश्रांतीगृहाला जोडून कुंपण, उजेड, कॅमेरा आणि पहारेकऱ्याची पाळी हवी, आणि ट्रक आत आल्याची वेळ नोंदवणारी पावती हवी. त्या पावतीनंतर सकाळी गाडी बाहेर काढेपर्यंत माल तळाच्या आणि वाहकाच्या जबाबदारीवर, असा नियम असला की ड्रायव्हर खाटेवर जाऊन निर्धास्त झोपेल.

हा लेख वाचणाऱ्यांत कारखानदार असतील, घाऊक व्यापारी असतील, ट्रान्सपोर्टचे ऑफिस चालवणारे असतील. तुम्ही पुढचा माल पाठवाल तेव्हा भाव करताना रात्रीच्या मुक्कामाची जागा ठरवा, त्या जागेचे पैसे भाड्यात धरा आणि ते बिल्टीवर लिहा. माल भरताना मोजणी दोघांच्या सहीने करा. आणि तूट आली तर ड्रायव्हरचा पगार अडकवण्याआधी, कायद्याने सांगितले आहे तसे, त्याचे म्हणणे एकदा लिहून घ्या.